दोघांसाठी चार खुर्च्या

रत्नागिरीत दुपारी जेवायला गेलो, तिथे दोघांचं टेबलच नव्हतं. कोकणातल्या खानावळीत ते असावं अशी अपेक्षा धरणंच चूक. इथे माणसं जेवायला येतात ती आत्या, मावशी, मावशीची नणंद आणि एक किरकिरं पोर घेऊन. वाढणाऱ्या मुलाने आम्हाला चौघांच्या टेबलावर बसवलं, उपडे घातलेले दोन जादा ग्लास उचलून नेले आणि आम्ही समोरासमोर बसलो. थोड्या वेळाने बघते तर एका रिकाम्या खुर्चीवर माझी पर्स, तिच्यावर घडी केलेली ओढणी. दुसरीवर नवऱ्याची टोपी, पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर. बिऱ्हाडच मांडलेलं. कुणी ठरवून केलं नव्हतं, पण चारही खुर्च्या भरल्यावर आम्हाला जरा हुशारी आली आणि मग सुरमई मागवली.

लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनीच कुठेतरी जावं, ही कल्पना लेकीची. ती हॉस्टेलला गेल्यापासून तिला आमची फार काळजी वाटते. "डिसेंबरात रत्नागिरी? तेव्हा कुठे आंबे?" शेजारच्या काकूंनी विचारलं. त्यांच्या मते ते गाव एप्रिलात उगवतं आणि पाऊस लागला की मिटतं.

ठाण्याला गाडीत बसलो तेव्हा आमच्याकडे बोलायला भरपूर विषय होते. पनवेलपर्यंत कामवाल्या मावशींची सुट्टी, रोह्यापर्यंत सोसायटीची मीटिंग, चिपळूणपर्यंत लेक. मग करबुड्याचा बोगदा आला. ६.५ किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. मोबाइलची रेंज गेली, खिडकीबाहेरचं जग गेलं आणि काचेत आमचीच दोन तोंडं दिसायला लागली. बराच वेळ एकमेकांकडे बघत बसल्यावर नवरा म्हणाला, "दूधवाल्याला सांगितलंस ना?"

आता कुणी म्हणेल, यात काय बिघडलं? काहीच नाही. पण आमची दोघांची गाडी कायम तिसऱ्या माणसावर चालत आली आहे, हे मला त्या बोगद्यात कळलं. लग्न झालं तेव्हा घरात सासूबाई होत्या, दीर होता. त्यांच्यावरून भांडलो, त्यांच्यावरून हसलो, त्यांना कळू नये म्हणून खुणांनी बोललो. मग लेक आली. आता तीही गेली, तेव्हा दूधवाला.

माझ्या आईबाबांचं तर याहून वरताण. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही कोल्हापूरहून गणपतीपुळ्याला गेलो होतो. आम्ही म्हणजे आजी, काका-काकू, आम्ही सगळी भावंडं आणि आजीची एक मैत्रीण. आंबा घाटात जीप थांबवून कोण कोण ओकलं हे आठवतं, वाढदिवस कितवा होता ते आठवत नाही. गणपतीपुळ्याला डोंगरच देव, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची ती अख्ख्या डोंगराला. आजी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. अर्ध्या वाटेवर तिने मागे वळून बघितलं आणि मला म्हणाली, "ती दोघं कुठं राहिली गं? बघून ये जा."

मी पळत मागे गेले. दोघं एका बुटक्या गडग्यावर बसली होती. बाबांच्या हातात उकडलेल्या शेंगांचा पुडा. ते शेंग फोडायचे, दोन दाणे आईच्या तळहातावर ठेवायचे, टरफलं स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकायचे. आई काहीतरी सांगत होती आणि बाबा चक्क हसत होते. घरात बाबा हसायचे ते रेडिओसमोर. मला बघून आई गप्प झाली, थोडी सरकली आणि म्हणाली, "ये, बस." मी मधोमध जाऊन बसले. पुडा माझ्या मांडीवर आला. आजी बोलावत्येय, हे मी सगळ्या शेंगा संपल्यावर सांगितलं. त्या दिवशी आई काय सांगत होती, ते पुढे विचारायचं राहूनच गेलं.

जेवण झालं, पण रत्नागिरी दुपारची झोपते. दुकानांची शटरं अर्धी खाली, रिक्षावाला मागच्या सीटवर आडवा. आम्ही मांडवीला गेलो. तिथली वाळू काळी. थोडं पलीकडे गेलं की त्याच गावात पांढरा समुद्रही आहे. नवऱ्याने सेल्फी काढला. सेल्फीशी माझं वाकडं आहे. ज्याच्या हातात फोन त्याचं तोंड परातीएवढं आणि दुसरं माणूस कोपऱ्यातून डोकावणारं. मी म्हटलं, "अरे, कुणाला तरी सांग ना काढायला." पण किनाऱ्यावर कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं. तिथेही तिसरं माणूस हवं होतं, बघा.

मग थिबा राजवाड्यावर गेलो. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला, थिबा राजाला गादीवरून उतरवलं आणि पुढच्याच वर्षी मद्रासमार्गे इथे आणून ठेवलं. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. जागा अशी निवडली की शंभरेक वर्षं इकडे आगगाडीही फिरकू नये. हा लाल वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा गेला, म्हणजे नव्या घरात जेमतेम सहा वर्षं. दुर्बिणीतून समुद्रावरच्या बोटी बघत बसायचा म्हणतात. मी त्या कमानीदार खिडकीशी उभी राहून बघितलं. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र, मध्ये माडांचे शेंडे. दृश्य दृष्ट लागण्याजोगं. पण तीस वर्षं? मी तर दुसऱ्या मिनिटालाच मोबाइल काढला होता.

राणीचं नाव सुपायालत. मंडालेच्या राजवाड्यात तिच्यापुढे कुणाची मान वर होत नसे. ती राजाबरोबर इथे आली. तिच्या धाकट्या बहिणीचंही थिबाशीच लग्न झालं होतं, तीही आली. हे ऐकल्यावर मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बघ, यांच्यातही होतीच तिसरी." तो म्हणाला, "म्हणजे मेहुणीला आणायला हवं होतं आपण." माझी बहीण सोलापूरला असते आणि त्याची तिच्याशी पाच मिनिटं पटत नाही, म्हणून हा विनोद मी चालवून घेतला.

धाकटी १९१२ मध्ये इथेच वारली. राजा गेल्यावर सुपायालतने त्याला मायदेशी न्यायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. १९१९ मध्ये ती एकटी मुलींना घेऊन रंगूनला परतली. राजाची समाधी रत्नागिरीतच, शिवाजीनगरात आहे आणि त्याच्या शेजारी आहे ती धाकट्या बहिणीची.

उन्हं उतरताना तिथेही जाऊन आलो. आजूबाजूला वस्ती, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, वाळत घातलेले कपडे. आम्ही उभे राहिलो. राजा-राणीला इथे एकमेकांशिवाय फारसं कुणी नव्हतं, आणि शेवटी राणी गेली बोटीने, राजा राहिला इथे. मला एकदम गलबलून आलं. नवराही बराच वेळ काही बोलला नाही. मग घसा खाकरून म्हणाला, "एलआयसीचे कागद निळ्या फाइलमध्ये आहेत."

"माहीत आहे."

"सगळीकडे नॉमिनी तूच आहेस."

"तेही माहीत आहे. मी गेले आधी, तर?"

यावर तो इतका गोंधळला की मलाच त्याची दया आली. ही शक्यता त्याने कुठल्याच फाइलला लावलेली नव्हती. कुकर कुठल्या कप्प्यात असतो, लेकीच्या हॉस्टेलचे पैसे कुठल्या तारखेला जातात, त्याच्या बीपीच्या गोळ्यांपैकी सकाळची कुठली, यातलं त्याला काही ठाऊक नाही. मग परतीच्या रिक्षात मी सांगत गेले आणि तो मोबाइलमध्ये टिपून घेत गेला. सकाळची गुलाबी. रात्रीची पांढरी, अर्धी. हॉस्टेलचे पैसे पाच तारखेला. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.