सात मिनिटांची रेघ

नागपूरकडच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागले, तेव्हा वाटलं होतं की स्फोटकांची चाचणी म्हणजे धडामधुडूम असणार. पहिले तीन आठवडे केलं काय, तर कागदाच्या चिटोऱ्याकडे टक लावून बघितलं.

सकाळी गेटवर मोबाइल जमा, अंगात सुती कपडे, दाराशी तांब्याच्या पट्टीवर हात टेकवून स्थिर वीज उतरवायची, मग आत. माझ्या वाट्याला एबल हीट टेस्ट होती, म्हणजे गरम केल्यावर स्फोटक किती लवकर विघटित होतं ते बघायचं. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक एबल यांनी ती बसवली. वाळवलेलं नायट्रोसेल्युलोज (कापसासारख्या तंतूंपासून बनणारं स्फोटक), जेमतेम सव्वा ग्रॅम, नळीत घालून वॉटर बाथमध्ये ठेवायचं. तापमान ७६.६ अंश. (आकडा विचित्र वाटतो, कारण मूळचे ते १७० फॅरनहाइट.) वर पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा कागद टांगायचा, अर्धा ग्लिसरीनच्या पाण्याने ओला. माल विघटित व्हायला लागला की नायट्रोजनची ऑक्साइडं वर येतात, कागदातलं आयोडीन सुटतं आणि ओल्या-कोरड्याच्या सीमेवर फिकट तपकिरी रेघ उमटते. आमच्याकडे १० मिनिटांच्या आत उमटली की लॉट अडला.

एवढी काळजी उगाच नाही. २०१५ साली चीनच्या त्यानजिन बंदरात ओलावा उडालेलं नायट्रोसेल्युलोज आपोआप तापून पेटलं, आग अमोनियम नायट्रेटपर्यंत गेली. १६५ माणसं मेली, ८ सापडलीच नाहीत.

माझी रेघ आली सातव्या मिनिटाला. पुन्हा केली, पुन्हा सात. लॉट अडवायचा म्हणून मी फॉर्म काढला, हात थरथरत होते. आमचे जुने टेक्निशियन, सगळ्यांचे भाऊ, म्हणाले, "थांब पोरी. रिकामी नळी लाव."

रिकाम्या नळीत माझाच कागद टांगला. रेघ आली! माल नाही, काही नाही, तरी रेघ.

"कागद कुठं होते?"

मी खिडकीकडे पाहिलं. वेळ वाचावा म्हणून सहा कागद आधीच काढून काचेच्या बशीत मांडून ठेवले होते. मे महिन्याचं ऊन थेट त्यांच्यावर. उजेडानेही आयोडीन सुटतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, बरं का.

गडद बाटलीतल्या ताज्या कागदावर, चिमट्याने धरून, त्याच लॉटची वेळ आली १६ मिनिटं. मी व्हाइटनर शोधायला लागले तशी भाऊंनी रजिस्टरच ओढून घेतलं. जुने आकडे खोडायचे नाहीत. एक आडवी रेघ, कारण, सही.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘कागद उन्हात.’