स्वस्त गोळ्या, अडकणारं पिस्तूल आणि माझ्या डाव्या हाताची सवय

तीन सेकंद हिरवा दिवा, सात सेकंद लाल. २५ मीटर पिस्तूल नेमबाजीच्या रॅपिड, म्हणजे वेगाच्या टप्प्यात एवढंच असतं. हात ४५ अंशांत खाली, हिरवा लागला की वर, एक गोळी, पुन्हा खाली. असं पाच वेळा, की एक सिरीज. गेल्या वर्षी एका निवड स्पर्धेत तिसऱ्या सिरीजच्या चौथ्या गोळीला मी हात वर नेला, ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही. आधीच्या गोळीची पुंगळी, म्हणजे रिकामं पितळी कवच, बाहेर पडता पडता बोल्टमध्ये, पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागात, उभी अडकली होती. काही ठरवायच्या आत माझा डावा हात बोल्टकडे गेला, बोल्ट मागे ओढला गेला, पुंगळी टेबलावर पडली, पुढची गोळी नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये बसली. तोवर दिवा लाल.

नियम मला पाठ होता. पिस्तूल अडकलं तर पकड सोडायची नाही, नळी टार्गेटच्याच दिशेला ठेवायची आणि मोकळा हात वर करायचा. रेंज ऑफिसर येऊन बघतो. दोष पिस्तुलाचा किंवा काडतुसाचा निघाला तर तो शॉट परत मिळतो. पण त्याने बघण्याआधी तुम्ही बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावलात, तर मिळत नाही. माझ्या चौथ्या शॉटला शून्य लागलं. त्या दिवशी मी ज्या फरकाने बाहेर राहिले तो सात गुणांचा होता.

घरी येताना गाडीत मी एकच वाक्य घोळवत होते: गोळ्या स्वस्त होत्या म्हणून झालं.

मी पुण्यात राहते, बालेवाडीच्या रेंजवर सराव करते. सुरुवात सगळ्यांसारखी १० मीटर एअर पिस्तूलने झाली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा आमच्या बॅचमधल्या चार-पाच जणींना एकाच आठवड्यात पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरचं खऱ्या काडतुसाचं पिस्तूल, धरायची इच्छा झाली. मी त्यातलीच एक. एअर पिस्तूलला छर्रे लागतात, ते डबीभर आणले की झालं. पॉइंट टू-टूचं तसं नाही. परवाना, प्रत्येक राउंडची नोंद, आणि खर्च. एका सामन्यात ६० गोळ्या, वर चाचणीच्या पाच-पाच. सरावाला आठवड्याला दोनशे तरी. नोकरी सांभाळून हा खेळ खेळणाऱ्या माणसाला गोळीची किंमत रोज टोचते. म्हणून परवानाधारक दुकानातून मी निम्म्याहून कमी किमतीची पेटी घेतली. सरावाला स्वस्त आणि सामन्याला चांगली, असं ठरवलं होतं. मग चांगल्या गोळ्या संपत आल्या आणि त्या निवड स्पर्धेत मी अर्ध्या सिरीज स्वस्त गोळ्यांवरच मारल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या प्रशिक्षक सरांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "गोळी वाईट असेल. पण तुझ्याकडे पुरावा काय आहे? वही काढ."

पुढचे सहा आठवडे मी जे केलं ते त्या वहीमुळे. गोळ्या भरायच्या तीन मॅगझीनवर नेलपॉलिशने एक, दोन, तीन ठिपके दिले. स्वस्त पेटीतल्या पाचशे गोळ्या, शंभर-शंभरच्या पाच सत्रांत. प्रत्येक अडथळ्याला चार गोष्टी लिहायच्या: कितवी गोळी, कोणतं मॅगझीन, काय अडलं, पुंगळी कशी दिसते. आणि सरांची अट, पिस्तूल मुद्दाम नेहमीसारखंच वापरायचं, मध्ये खास साफसफाई नाही. मग चांगल्या अडीचशे गोळ्या तशाच.

पाचशेत सत्तावीस अडथळे आले. माझा समज त्या आकड्याने पक्काच झाला असता. पण रकाने वेगळे केले तेव्हा चित्र बदललं. दहा वेळा नवी गोळी चेंबरमध्ये जाताना नाक वर करून अडकली होती, आणि त्यातल्या आठ वेळा मॅगझीन दोन ठिपक्यांचं होतं. चांगल्या अडीचशेतही चार वेळा गोळी अशीच अडकली. चारही वेळा तेच मॅगझीन! म्हणजे ज्याचं पाप मी गोळीवर टाकत होते ते मॅगझीनच्या ओठांचं, म्हणजे तोंडाशी गोळी धरून ठेवणाऱ्या कडांचं होतं. कधीतरी टेबलावरून फरशीवर पडलं असणार, एका बाजूचा ओठ केसभर उघडला होता. दुसऱ्या मॅगझीनशेजारी उजेडात धरलं तेव्हा दिसलं, एरवी कळलंही नसतं.

आठ वेळा पुंगळी नीट बाहेर पडली नव्हती, सामन्यात झालं तसंच. त्यातल्या सहा शेवटच्या दोनशे गोळ्यांत. इथे गोळी आणि मी, दोघीही दोषी. पॉइंट टू-टूच्या पिस्तुलात बोल्ट कशाला कुलूपबंद नसतो. त्याचं स्वतःचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढंच त्याला धरून ठेवतं, आणि सुटलेली पुंगळीच त्याला मागे ढकलते. काडतुसातली दारू इतकी थोडी असते की तिच्यात जरा कमी-जास्त झालं तरी बोल्टला जाणवतं. एखादी गोळी अशक्त निघाली की बोल्ट पूर्ण मागे जात नाही, पुंगळी अर्धवट अडकते. त्यात या गोळीचं शिसं उघडं असतं, वरून मेणासारखं वंगण. चेंबरच्या पुढच्या कडेला त्या मेणाचं, शिशाचं आणि काजळीचं कडं साचत जातं. डिसेंबरात सकाळी सात वाजता बालेवाडीला मेण चांगलंच घट्ट असतं. मी नळी पुसत होते, चेंबर नाही. ब्रश घालून फिरवला तेव्हा त्यावर राखाडी, चिकट थर आला. मला लाज वाटली.

उरल्या नऊ. या मिसफायर होत्या, म्हणजे काडतुसावर आपटणारी पिन पडली, पण गोळी उडाली नाही. अशा वेळी पिस्तूल टार्गेटकडे धरून तीस सेकंद थांबायचं, कारण कधी कधी काडतूस उशिरा पेटतं. मग काढायचं. सरांनी ती नऊ काडतुसं एका डबीत ठेवायला लावली आणि म्हणाले, "भिंग आण."

भिंग रविवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या सोनारकाकांचं. डोळ्याला लावायचं, दहापट दाखवणारं. काकांना आधी वाटलं हिरा बघायचाय. मी रेंजवर खिडकीजवळ बसून एकेक काडतूस त्याखाली धरलं. पितळेच्या काठावर पिनचा चौकोनी ठसा स्पष्ट होता, खोल, कडा तीक्ष्ण. पिनचा मार उथळ असता तर दोष पिनचा, तिच्या स्प्रिंगचा किंवा आतल्या मळाचा. इथे मार पुरेपूर होता, तरी आतून उत्तर आलं नव्हतं. मोठ्या, ९ मिमीच्या काडतुसात पेटवणारी टोपी तळाच्या मध्यभागी वेगळी बसवलेली असते. पॉइंट टू-टूमध्ये टोपी नसते. पेटवणारा ओला मसाला आत टाकून काडतूस गरगर फिरवतात आणि तो काठाच्या पोकळीत पसरतो. पसरताना एखादी जागा राहिली आणि पिन नेमकी तिथेच पडली तर गोळी मुकी.

खात्री करायची रीत सोपी होती. तेच काडतूस अर्धा फेरा फिरवून परत चेंबरमध्ये घालायचं, म्हणजे पिन काठाच्या दुसऱ्या बाजूला पडेल. सर शेजारी उभे असताना मी तसं केलं. नऊपैकी सात उडाल्या. चांगल्या अडीचशेत एकही मिसफायर नव्हती. हा दोष गोळीचाच, त्यात शंका उरली नाही.

मॅगझीन दुरुस्त करून आणि चेंबर दर शंभर गोळ्यांनी घासून त्याच स्वस्त पेटीतल्या आणखी अडीचशे मारल्या. नाक वर करून अडकलेली एकही नाही. अर्धवट पुंगळी तीन. मिसफायर पाच. म्हणजे स्वस्त गोळीचा स्वतःचा वाटा एवढा, बाकीचं मी तिच्या नावावर खपवत होते. हा वाटा सरावात चालून जातो. रॅपिडच्या तीन सेकंदांत नाही.

पण पहिल्या पाचशेत एक गोळी अशी होती जी मी सत्तावीसमध्ये धरलेली नाही. तिचा रकानाच नव्हता.

चौथं सत्र, साठ-सत्तर गोळ्या झालेल्या. ट्रिगर दाबला आणि नेहमीचा खणखणीत आवाज न येता 'टक्' असा बसका आवाज आला. हाताला धक्का जवळजवळ नाही. टार्गेटवर भोक नाही. बोल्ट जागचा हलला नव्हता. मला वाटलं, आणखी एक मिसफायर, आणि डावा हात बोल्टकडे निघाला. मागून सरांचा आवाज आला, "थांब! हात लावू नकोस!" इतक्या मोठ्याने ते कधी बोलत नाहीत. सगळी लेन थांबली.

त्यांनी मॅगझीन काढायला लावलं, मग बोल्ट हळू उघडायला. आत रिकामी, काळवंडलेली पुंगळी. म्हणजे काडतूस पेटलं होतं. मग गोळी कुठे? सरांनी पुढून नळीत साफसफाईची सळई घातली. ती मध्येच थांबली. त्यांनी नळीच्या तोंडाशी सळईवर अंगठा धरला, सळई बाहेर काढली आणि नळीच्या बाहेरून लावून मला दाखवली. अंगठ्यापासून टोकापर्यंतचं अंतर नळीच्या निम्म्याहून थोडं जास्त. त्या जागेवर गोळी नळीत बसली होती. मी बोल्ट ओढला असता तर पुढची गोळी चेंबरमध्ये आली असती, आणि हिरवा दिवा लागल्यावर मी ती बंद नळीत मारली असती. नळी फुगते, कधी फाटते. माझ्या डाव्या लेनला पंधरा वर्षांची मुलगी होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गोळी अडकली म्हणून नाही. हात निघाला होता म्हणून. वर्षभर स्वस्त गोळ्यांवर सराव करताना आठवड्याला दहा-बारा वेळा बोल्ट ओढून मी पुढे जात होते, कारण सरावात कोण हात वर करून वाट बघत बसणार? मी नेम शिकत होते आणि माझा हात त्याच वेळी ही दुसरी गोष्ट शिकत होता. निवड स्पर्धेतलं शून्य आणि नळीत बसलेली ती गोळी, दोन्हीकडे तोच हात गेला होता.

आता मी स्वस्त पेटी फक्त प्रिसिजनच्या, म्हणजे अचूकतेच्या टप्प्याच्या संथ सरावाला वापरते, तेही नव्या पेटीतल्या पहिल्या पन्नास वहीत नोंदवून. रॅपिडचा सराव सामन्याच्याच गोळीवर करते. गोळ्या कमी मारते, ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबायचा सराव वाढवला. दर शंभराला चेंबर. दोन ठिपक्यांचं मॅगझीन दुरुस्तीनंतर नीट चालतं, तरी सामन्याला नेत नाही.

आणि आठवड्यातून एकदा सर माझं मॅगझीन माझ्या पाठीमागे भरतात. पाच गोळ्यांत एक किंवा दोन खोट्या, प्लॅस्टिकच्या. कोणत्या ते मला माहीत नसतं. पहिले तीन आठवडे हात बोल्टकडे गेला, प्रत्येक वेळी सर फक्त "परत" म्हणाले. चौथ्या आठवड्यात मध्येच थबकला. गेल्या मंगळवारी दुसऱ्या सिरीजची तिसरी गोळी खोटी होती. हिरवा दिवा, ट्रिगर, शांतता. नळी टार्गेटवर, पकड तशीच. शेजारच्या लेनमधली मुलगी माझ्याकडे का बघतेय ते मला क्षणभर कळलं नाही. मग दिसलं, माझा डावा हात डोक्याच्या वर होता.