पोट एक, तपासण्या दोन

ऑगस्टमध्ये सापळ्याची डबी उघडली की आधी कुबट वास येतो. मक्यातल्या कामगंध सापळ्यातून, म्हणजे मादीच्या वासाने नरांना ओढणाऱ्या सापळ्यातून, अकरा नर पतंग आले होते, आठवडाभर ओलीत पडलेले, खवले झडलेले. अमेरिकन लष्करी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. हिच्या नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरट त्रिकोणी डाग असतो. सात जणांचा दिसला, चौघांचा नाही. हे चौघे तंबाखूवरच्या अळीचे, स्पोडोप्टेरा लिट्युराचेही असू शकत होते. दोन्हींचे ल्युर, म्हणजे सापळ्यातल्या वासाच्या गोळ्या, एकाच हातमोज्यांनी हाताळले की एकाचा वास दुसऱ्याला लागतो आणि भलतेच पाहुणे येतात.

अशा वेळी पोट तपासायचं, कारण त्याच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांवरून जात कळते. नवखा माणूस ते सरळ १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळतो. जननेंद्रियं लख्ख होतात, डीएनए मात्र गेला. आम्ही पोट आधी प्रोटिनेज-के हे प्रथिनं विरघळवणारं विकर घातलेल्या बफरमध्ये ५६ अंशांवर रात्रभर ठेवतो. मऊ भाग विरघळून डीएनए द्रावात उतरतो, कवच शाबूत राहतं. मग त्या कवचाला हायड्रॉक्साइड. शिवाय प्रत्येकाचा एक पाय अल्कोहोलमध्ये बाजूला काढलेला बरा. ट्यूब कधीतरी सांडतेच.

सकाळी बारीक ब्रशने उरलेले खवले झाडले, क्लोराझोल ब्लॅक या रंगाचा एक थेंब दिला आणि वाल्व उलगडले. मादीला धरून ठेवणाऱ्या या दोन पाकळ्या. तिघांच्या रुंद, जवळपास चौकोनी, कडेला हलकी खाच: फ्रुजिपर्डा. चौथ्याची पाकळी त्या चौकोनात बसेना. वाल्व सपाट न पसरता कव्हरस्लिप दाबली तर चौकोनही तिरका दिसतो, म्हणून पुन्हा ग्लिसरीनमध्ये काढून पाहिलं. लिट्युराच.

दुसरी तपासणी द्रावातल्या डीएनएची. जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा दोघांचाच मिळाला. कुजलेल्या नमुन्यात डीएनएचे तुकडे पडलेले असतात. उरलेल्या दोघांसाठी छोटा तुकडा वाढवावा लागला. जातीचं उत्तर चौघांचंही पाकळ्यांशी जुळलं.

घोळ पुढे. फ्रुजिपर्डाचे मका आणि भात असे दोन गट आहेत. पाकळ्या पाहून ते ओळखता येत नाहीत. सीओआयने तिघांपैकी एकाला भात गटात टाकलं. टीपीआय या दुसऱ्या जनुकाच्या चौथ्या एक्झॉनमध्ये (जनुकाच्या एका भागात) १८३व्या जागी मात्र स्वच्छ सी हे डीएनएचं अक्षर, म्हणजे मका गट; भात गटात तिथे टी असतो. नमुने अदलाबदल झाले असतील म्हणून पायापासून सगळं परत केलं. तेच.

सीओआय मायटोकॉन्ड्रियातलं, फक्त आईकडून येणारं. टीपीआय झेड या लिंग गुणसूत्रावर, आणि नराला दोन झेड. सरळ मिश्र पिल्लू असतं तर डीएनए वाचनाच्या आलेखावर त्या जागी सी आणि टी अशी दोन शिखरं दिसली असती. एकच दिसलं, म्हणजे संकर याच पिढीतला नाही, आधीचा: आईकडचा मायटोकॉन्ड्रिया टिकला, झेड बदलत गेलं. आफ्रिकेत आणि २०१८ पासून भारतातही अशी जोडी वारंवार सापडते, हे माहीत होतं. तरी स्वतःच्या आलेखावर पाहिलं की आधी संशय स्वतःच्याच पिपेटवर जातो.

अहवालात जात ठामपणे लिहिली, गटाच्या रकान्यात दोन्ही जनुकांची उत्तरं वेगवेगळी. आणि सापळा लावणाऱ्याला निरोप: ल्युर बदलताना हातमोजे बदला.