ओरडायचं नाही, उभं राहायचं नाही

१० मार्च २०२२, गुरुवार, रात्री उशिरा

झोप लागणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून सरळ दिवा लावून लिहायला बसले. पाय अजून गार आहेत. उजवा तळवा लालबुंद झालाय आणि पेन धरताना चुरचुरतोय.

आज इथे सोलमध्ये बीटीएस या कोरियन बँडला प्रत्यक्ष पाहिलं. सातही जणांना, एका स्टेजवर. हे ‘सातही’ मुद्दाम लिहितेय. डिसेंबरात लॉस एंजलिसचे शो करून अमेरिकेहून परतल्यावर आरएम, जिन आणि सुगा कोविड पॉझिटिव्ह निघाले. जानेवारीच्या शेवटी जिमिनचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि त्यालाही कोविड. फेब्रुवारीत व्हीलाही कोविड. कोरियात या आठवड्यात रोजचे रुग्ण तीन लाखांच्या वर आहेत. त्यामुळे सकाळपासून दर अर्ध्या तासाला फोन उघडून ‘रद्द’ असं काही दिसतंय का ते बघत होते. स्टेशनवर उतरले आणि जिन्यावरच जांभळ्या, म्हणजे बीटीएसच्या रंगाचे मफलर, टोप्या, पिशव्या दिसल्या, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

जामसिलचं ऑलिम्पिक स्टेडियम म्हणजे १९८८च्या ऑलिम्पिकचं. त्याची बाहेरची वळणं कोरियातल्या जोसॉन राजवटीच्या काळातल्या पांढऱ्या चिनीमातीच्या भांड्यांवरून घेतली आहेत, असं वाचलं होतं. संध्याकाळच्या उजेडात खरंच तसं वाटतं. जवळपास ७० हजार माणसं मावतील एवढं ते स्टेडियम, आणि आज आत सोडले फक्त १५ हजार. शनिवारी तेवढेच, रविवारी तेवढेच. साथ सुरू झाल्यापासून कोरियात एवढ्या लोकांच्या कॉन्सर्टला परवानगी मिळाली ती ही पहिलीच म्हणतात. बीटीएसचा सोलमधला लोकांसमोरचा शेवटचा कॉन्सर्ट झाला तो याच स्टेडियममध्ये, ऑक्टोबर २०१९मध्ये. एप्रिल २०२०चे इथले चारही शो रद्द झाले. गेल्या ऑक्टोबरात ते इथेच उभे राहून गायले, पण रिकाम्या खुर्च्यांसमोर, कॅमेऱ्यासाठी. पोटरी दुखावलेला व्ही त्या दिवशी खुर्चीवर बसून गात होता. मी तो कार्यक्रम लॅपटॉपवर पाहिला होता, याच शहरात, मेट्रोने पाऊण तासाच्या अंतरावर. तो दिवस मला फार लागला होता.

आज खुर्च्यांवर माणसं होती. पण नियम स्पष्ट: ओरडायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, उभं राहायचं नाही. मास्क काढायचा नाही. प्रत्येकाला एक क्लॅपर दिला. जाड कागदाच्या पंख्यासारख्या घड्या, खालचं टोक मुठीत धरायचं आणि दुसऱ्या तळहातावर आपटायचं. आवाज चांगला खणखणीत येतो, पण हातमोजे घातले तर अगदी बद्द. म्हणून सगळ्यांनी हातमोजे काढून खिशात टाकले. मार्चातली सोलची रात्र, उघडं मैदान, आणि ओळीच्या ओळी उघड्या हातांनी बसलेल्या. डाव्या हातात क्लॅपर, उजव्या हातात आर्मी बॉम्ब, म्हणजे आर्मींचा (बीटीएसच्या चाहत्यांचा) हातात धरायचा दिवा. टाळी द्यायची वेळ आली की आर्मी बॉम्ब मांडीत दाबून धरायचा, गाणं शांत झालं की पुन्हा उचलायचा. दोनतीन गाण्यांत ते जमून गेलं.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवलेली, तिच्या पलीकडे पंचावन्न-साठीच्या एक बाई, एकट्याच आलेल्या. मी त्यांना ‘नमस्कार, तुम्हाला नीट दिसतंय ना?’ असं माझ्या मोडक्या कोरियनमध्ये विचारलं. त्या म्हणाल्या, दिसलं नाही तरी चालेल, एका जागी आहोत ना. मग बॅगेतून गरम राहणारी एक पुडी काढून मला दिली, खिशात ठेवायची असते ती. २०२०च्या शोची त्यांची तिकिटं होती. रद्द झाल्यावर आलेले पैसे त्यांनी मदतनिधीला दिले. तेव्हा सुगाने कोविडच्या तडाख्यात सापडलेल्या त्याच्या दैगू शहरासाठी एका मदतसंस्थेला १० कोटी वोन दिले होते, आणि त्याच्या पाठोपाठ कितीतरी आर्मींनी तिकिटांचे परतावे जसेच्या तसे त्याच संस्थेला पाठवले. मी हे बातमीत वाचलं होतं. असे पैसे खरंच दिलेलं माणूस पहिल्यांदा भेटलं, आणि ते सांगतानाही त्या क्लॅपरच्या घड्या नीट करत होत्या.

‘ऑन’ने सुरुवात झाली. लगोलग ‘फायर’ आणि ‘डोप’. ही तिन्ही गाणी घसा फाटेस्तोवर ओरडण्यासाठीच आहेत. सात जण समोर नाचताहेत, माझं तोंड मास्कच्या आत उघडलेलं, आणि घशातून आवाज काढायचा नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते बहुतेक त्याच जोराने.

मग ‘डीएनए’ची शिट्टी सुरू झाली. मी २०१७मध्ये त्या शिट्टीपासूनच यांची झाले, मिरजेच्या घरी, बहिणीच्या फोनवर. गाण्यांत जागा ठरलेल्या असतात, कुठे आर्मींनी काय म्हणायचं ते. सगळ्यात आवडती जागा म्हणजे सातही जणांची खरी नावं. किम नामजून (आरएम), किम सॉकजिन (जिन), मिन यूंगी (सुगा), जंग होसॉक (जे-होप), पार्क जिमिन, किम तेह्योंग (व्ही), जॉन जंगकुक, बीटीएस. हा क्रम कधी बदलत नाही. आज ती जागा आली आणि कुणी काही न सांगता १५ हजार क्लॅपर बोलायला लागले: तीन, तीन, तीन. कोरियनमध्ये ही सातही नावं तीन-तीन अक्षरांची आहेत, आणि शेवटचं बीटीएस म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं. एवढी वर्षं नावं घेतेय, पण ते मोजायची वेळच कधी आली नव्हती. आजीच्या हरिपाठात एखादा ठेका नुसत्या टाळांवर चालतो आणि शब्द आपोआप मनात येतात, अगदी तसं झालं. स्टेजवर जंगकुकने एक कानातलं उपकरण काढून मान तिरकी केली. ऐकत होता तो. मोठ्या पडद्यावर दिसलं.

आणि आम्हालाही ऐकू येत होतं, हे मला कुणाला तरी सांगायलाच हवं. याआधीच्या शोचे व्हिडिओ पाहिलेत त्यांना माहीत आहे, गर्दीच्या कल्लोळात सूर बुडून जातो. तोही आनंद मोठाच. पण आज ‘ब्लू अँड ग्रे’मध्ये व्हीने ओळ सुरू करायच्या आधी घेतलेला श्वास मी ऐकला. खालच्या पट्टीतला त्याचा आवाज स्पीकरमधून येऊन समोरच्या रिकाम्या स्टँडवर आपटून पुन्हा आला. ‘ब्लॅक स्वान’मध्ये नर्तकांच्या हातांत पांढऱ्या पिसांचे मोठाले पंखे होते. जिमिनभोवती ते मिटले आणि उघडले, तेव्हा एवढी शांतता होती की कुणाची तरी बॅग खुर्चीवरून घसरल्याचं कळलं. ऑपरेशन होऊन दीड महिनाही न झालेला माणूस कमरेतून असा वाकतो!

शेवटी ‘परमिशन टू डान्स’. त्या नाचात सांकेतिक भाषेतल्या खुणा आहेत, मजा, नाच आणि शांती यांच्या. गाणं निघालं तेव्हा त्याचं कौतुक झालं होतं, मलाही अभिमान वाटला होता. पण आज आवाज काढायला बंदी असलेल्या जागेत, बसल्या बसल्या, हजारो माणसं त्याच खुणा हाताने करत होती आणि ते सात जण आमच्याकडे बघून त्याच खुणा परत करत होते. बोलणं चालू होतं की! शेजारच्या काकूंना खुणा आमच्यापेक्षा चांगल्या येत होत्या.

१२ मार्च, शनिवार

आजचं तिकीट मिळालं नाही. आज मात्र पुण्याला बहीण होती थिएटरमध्ये. इथे संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे दुपारचे अडीच. सोलचा शो जगभरच्या थिएटरांत थेट दाखवला.

रात्री तिचा फोन आला तेव्हा आधी कोण बोलतंय ते कळेना, एवढा तिचा आवाज बसला होता. “ताई, आम्ही पहिल्या गाण्यापासून उभ्या होतो,” म्हणाली. शेजारी कॉलेजच्या मुली, पुढच्या रांगेत दोन मुलींना घेऊन आलेली एक आई, मागे चार मुलगे. ज्यांच्याकडे आर्मी बॉम्ब नव्हता त्यांनी मोबाईलच्या टॉर्चवर जांभळा कागद लावलेला. ‘डीएनए’ची शिट्टी वाजली आणि अख्ख्या थिएटरने सातही नावं घेतली. थिएटरचे दोन कर्मचारी दारात उभं राहून बघत होते, त्यातल्या एकाने मध्यंतरापर्यंत जे-होपचं नाव पाठ केलं म्हणे. मध्यंतर नव्हतंच, असं तिला सांगितलं तर म्हणाली, “अगं, म्हणजे ते बोलायला थांबतात ना, तेव्हा.”

मग तिने विचारलं, तुला नाही का गं त्रास झाला, गप्प बसायचा? काल आईनेही विचारलं होतं, एवढे पैसे देऊन नुसतं बसून आलीस का.

मला या नियमाबद्दल राग नाही. काही आर्मींना आहे, आणि लॉस एंजलिसला डिसेंबरात लोक पोटभर ओरडले ते बघून इथल्यांना हेवा वाटला तर चूक नाही. पण आज तीन लाखांवर रुग्ण असलेल्या देशात, स्टेडियममधून एकाला जरी लागण झाली असती तर खापर या सात जणांवर फुटलं असतं. परवानगी पुन्हा बंद झाली असती, त्यांचीच नव्हे, प्रत्येक लहानमोठ्या गायकाची. हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला कळत होतं. म्हणून कुणी मोडला नाही तो नियम. एकदा जिनने काहीतरी गमतीदार केलं आणि एक बारीक किंकाळी निसटली, तर त्या मुलीने स्वतःच दोन्ही हातांनी मास्क दाबला, आजूबाजूच्या सगळ्यांनी तिच्यासाठी क्लॅपर वाजवले. बहिणीला मी एवढंच सांगितलं की तुमचा आवाज आणि आमचे हात, दोन्ही एकाच वेळी चालू होते.

जिनचं नाव निघालं की दोघी जरा थांबतो. डिसेंबरात तो तिशीचा होईल. २०२०मध्ये कायदा बदलला म्हणून सक्तीची लष्करी सेवा तिशीपर्यंत लांबवता आली, त्यापुढे काय ते अजून ठरलेलं नाही. सूट मिळावी की नाही यावर इथे रोज चर्चा, नव्या राष्ट्राध्यक्षांची निवड होऊन दोनच दिवस झालेत, तरी प्रयोगशाळेत जेवताना पुन्हा हाच विषय. मी त्यात पडत नाही. ज्यांना जायचं आहे त्यांनी ठरवावं. पण एका स्टेजवर सात जण हे दृश्य आपल्याला अजून किती वेळा दिसणार, हा विचार येतोच, आणि म्हणून रविवारचं तिकीट मी उशाशी ठेवून झोपणार आहे.

१३ मार्च, रविवार

पाऊस. कपडे वाळत टाकलेत, केसांतून अजून पाणी ठिबकतंय, पण आधी लिहिते.

सगळ्यांनी रेनकोट घातलेले. त्या प्लास्टिकवर पावसाचा आवाज इतका होता की क्लॅपरला जास्त जोर लावावा लागला. माझा क्लॅपर ‘फेक लव्ह’पर्यंत ओला होऊन लुळा पडला. मग रेनकोटच्या आत, पोटाशी धरून थोडा वाळवला आणि तोवर नुसत्या हातांनी टाळ्या दिल्या. ओल्या तळव्यांची टाळी वेगळीच लागते, चापट मारल्यासारखी.

स्टेजवरही छप्पर नाही. सातही जण भिजून चिंब. घसरतील की काय म्हणून पहिली दोन गाणी मला धड बघवेना, विशेषतः जिमिन. पण त्यांना भिजायची मजा येतेय हे दिसायला लागलं. केस कपाळाला चिकटलेले, पांढरे कपडे अंगाला चिकटलेले, आणि ‘आयडॉल’ला तर पायाखाली पाणी उडत होतं. जे-होप प्रत्येक पावलाला पाणी उडवत नाचत होता. या माणसाच्या अंगात थकवा नावाची गोष्ट कुठे असते ते मला कधीच कळलेलं नाही. त्याच्याकडे बघताना मला वाटलं, जवळपास दोन वर्षं यांनी हे सगळं रिकाम्या खोल्यांत, कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे बघून केलं. तेवढ्याच जोराने केलं.

शेवटी ते निरोपाचं बोलत होते. मला सगळं कोरियन समजलं नाही, अर्धंअधिक समजलं. बोलता बोलता एकेक जण थांबायचा, तेव्हा आपण काय करायचं? एरवी त्याचं नाव घेऊन ओरडलं असतं. आज त्याच्या नावाचे तीन ठोके. सुगा थांबला, तीन ठोके. नामजून थांबला, तीन ठोके, मग पुन्हा तीन, मग थांबेचनात. तो मान खाली घालून हसत उभा राहिला आणि पावसात उभाच राहिला.

१४ मार्च, सोमवार

प्रयोगशाळेत दिवसभर उजवा हात कामाचा नव्हता. पिपेट डाव्या हाताने धरली.

आकडे आले. शनिवारचा शो ७५ देशांतल्या ३,७११ थिएटरांत दाखवला आणि ३ कोटी २६ लाख डॉलर जमले. त्यातली काही तिकिटं पुण्याची आहेत, बहिणीला कळवलं. तिला अजून बोलता येत नाही, नुसता जांभळा बदाम पाठवला.

आता एप्रिलमध्ये लास व्हेगास, ८, ९, १५ आणि १६ तारखेला. तिथे ओरडायला बंदी नाही. माझं जाणं शक्य नाही, पण जे जाणार आहेत त्यांना माझं एक सांगणं आहे: घसा आत्तापासून जपा, गरम पाणी प्या, आणि जागा आली की सातही नावं पूर्ण घ्या. पहिलं नाव नामजूनचं.