लादलेल्या सायकलींवर नऊ दिवस

नऊ दिवसांत ६४० किलोमीटर, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश अंतर मुरमाच्या आणि खडीच्या रस्त्यांवरून, आणि एकूण चढाई ८,९०० मीटरच्या आसपास, असा आमचा बेत होता आणि थोड्याफार फरकाने तो तसाच पार पडला. आम्ही दोघे होतो. मित्राच्या सायकलला मागे स्टीलचे कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॅनियर, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या, होत्या. माझ्या सायकलला कॅरिअर नव्हते. फ्रेमच्या त्रिकोणात एक पिशवी, सीटमागे एक लांबट पिशवी आणि हँडलबारला आडवी बांधलेली गुंडाळी, म्हणजे हल्ली ज्याला बाइकपॅकिंग म्हणतात ती मांडणी होती. या दोन पद्धतींपैकी चांगली कोणती, यावर निघण्यापूर्वी आमचा बराच वाद झाला होता आणि तो अजूनही मिटलेला नाही. मात्र एका गोष्टीवर आमचे एकमत झाले आहे: वाटेत आमचा जो वेळ वाया गेला, तो बहुतेक सगळा सामान सायकलला जिथे जोडले होते त्या जागांनी खाल्ला.

पहिला धक्का मला पहिल्याच चढावर बसला. पेडलवर उभा राहून जोर लावला की सीटमागची पिशवी डावी-उजवीकडे डोलू लागे आणि मागून कोणीतरी सायकल ओढत असल्यासारखे वाटे. चूक माझीच होती. तंबूच्या खुंट्या, हत्यारे आणि स्वयंपाकाचे भांडे ‘लगेच हाताशी यावे’ म्हणून मी पिशवीच्या शेपटाकडे भरले होते, आणि सीटपोस्टपासून वजन जितके लांब तितका त्याचा हेलकावा मोठा. दुपारी सावलीत बसून सगळे उपसले. जड वस्तू फ्रेमच्या पिशवीत तळाशी गेल्या, स्लीपिंग बॅग सीटमागच्या पिशवीच्या निमुळत्या तोंडात घट्ट कोंबली, शेपटाकडे फक्त कपडे ठेवले आणि आतली हवा पिळून काढून मगच पट्टे आवळले. त्या वेळी पिशवी उलटी केली तेव्हा तिच्या पोटावर टायरच्या नक्षीचा रुपयाएवढा काळा ठसा दिसला. खड्ड्यातून जाताना ती चाकाला घासत होती आणि कापडाचे वरचे अस्तर गेलेच होते. म्हणून रिकाम्या सायकलवर मोजमाप करू नये. सगळे सामान बांधून, स्वतः सीटवर बसून, दुसऱ्या कोणाला तरी पिशवी आणि टायर यांच्यात चार बोटे घालून पाहायला सांगावे.

हँडलबारच्या गुंडाळीचे तंत्र त्या मानाने सोपे आहे. तिच्यात हलके पण फुगीर सामान ठेवावे, तीन किलोच्या वर जाऊ नये, आणि निघण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकच्या नळ्या कुठे दुमडतात का ते पाहावे. पट्टे जिथे रंगावर टेकतात तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की काम भागते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा किलोमीटरचा कच्चा उतार लागला. वाहनांच्या रहदारीने त्याचा पृष्ठभाग पन्हाळी पत्र्यासारखा झाला होता, आणि अशा रस्त्यावर वेग कमी केला तरी हादरे थांबत नाहीत, फक्त त्यांची लय बदलते. मित्र पुढे होता. त्याच्या सायकलमधून आधी बारीक टकटक ऐकू येऊ लागली, मग ती थांबली, आणि ती थांबली हेच वाईट लक्षण होते. कॅरिअरचा डावा पाय फ्रेमला जोडणारा खालचा बोल्ट पडून गेला होता आणि सुटलेला पाय ब्रेकच्या कॅलिपरवर (चकतीला पकडणाऱ्या चिमट्यावर) टेकला होता. तसेच पुढे गेलो असतो तर सगळा भार उजव्या बोल्टवर येऊन तो तुटला असता, आणि त्याचा तुकडा फ्रेमच्या आट्यांत अडकून बसणे ही वाटेत दुरुस्त न होणारी गोष्ट आहे.

अशा वेळी उपयोगी पडणारी माहिती अशी की, कॅरिअरचे आणि पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट बहुतेक सायकलींवर एकाच मापाचे, म्हणजे एम५ (पाच मिलिमीटर व्यासाचे) असतात. आम्ही बाटलीच्या पिंजऱ्याचा एक बोल्ट काढला. अडचण लांबीची होती. डिस्क ब्रेकला जागा मिळावी म्हणून कॅरिअर आणि फ्रेम यांच्यामध्ये एक नळकांडे बसवलेले असते. त्यामुळे आमचा आखूड बोल्ट आट्यांत जेमतेम चार फेरे गेला. बोल्टचा जेवढा व्यास, निदान तेवढी त्याची लांबी आट्यांत असावी, हा साधा नियम आहे. एम५ च्या आट्यांचे अंतर ०.८ मिलिमीटर असल्याने सहा-सात फेरे तरी हवेत. म्हणून जोडीला दोन झिप-टाय आवळले, जड वस्तू उजव्या पॅनियरमध्ये हलवल्या, आणि उरलेले तीस किलोमीटर अंतर बोल्टकडे वळून वळून पाहत काटले. संध्याकाळी योग्य लांबीचा बोल्ट मिळाला. आता आम्ही दोघेही असे चार बोल्ट सोबत ठेवतो, बसवताना आट्यांना निळे थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्राव, लावतो (लाल नव्हे, ते सोडवायला उष्णता द्यावी लागते), आणि बोल्टच्या डोक्यापासून कॅरिअरपर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. हे पाहायला रोज सकाळी अर्धे मिनिट लागते.

चढांविषयी एक हिशेब मांडतो, कारण सायकल निवडताना याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. माझा सर्वांत हलका गिअर पुढे ३० आणि मागे ४२ दातांचा होता. चाकाचा परीघ २.२५ मीटर धरला तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १.६ मीटर पुढे जाते, आणि मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ५.८ किलोमीटर पडतो. मित्राचा गिअर ३० आणि ३४ चा होता. त्याच लयीत त्याला ताशी ७.१ किलोमीटरने जाणे भाग होते. स्वतः, सायकल आणि सामान मिळून त्याचे एकूण वजन १०८ किलो आणि माझे ९८. आठ टक्क्यांच्या चढावर त्याला सुमारे १९० वॅट लावावे लागत होते, तर मला १४०. एखादा तास हा फरक सोसता येतो, पण तीन तासांच्या घाटात तो गुडघ्यांत उतरतो. पाचव्या दिवशी तो दोनदा सायकलवरून उतरून चालला, त्याचे कारण दमसास नव्हता, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) होती. नवे सामान घेण्यासाठी पैसे बाजूला ठेवले असतील तर ते आधी कॅसेटवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

टायर दोघांचेही ४७ मिलिमीटर रुंदीचे, ट्यूबलेस. डांबरी रस्त्यावर मी मागे ३८ आणि पुढे ३२ पीएसआय हवा ठेवली आणि खडीवर दोन्हीकडे सहा-सहा पीएसआय कमी केली. काट्यांची छिद्रे आतला द्राव आपोआप बुजवतो. मोठ्या चिरेसाठी प्लग, म्हणजे भोकात कोंबायची रबरी पट्टी, लागतो. आणि शेवटचा उपाय म्हणून एक साधी ट्यूब बाळगावीच. ती घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे फिरवून अडकलेले सगळे काटे काढावेत, नाहीतर नवी ट्यूब दोन मिनिटांत पंक्चर होते.

सहाव्या दिवशीच्या पावसाने मित्राचे मागचे ब्रेक पॅड संपवले. चिखलातली बारीक वाळू रेझिनचे पॅड किती लवकर खाते, हे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. जुने पॅड आत असतानाच प्लास्टिकच्या टायर लिव्हरने ते हळूच मागे दाबून पिस्टन आत ढकलावेत, आणि चाक काढलेले असताना ब्रेकची मूठ कधीही दाबू नये.

विजेसाठी आम्ही दोघांत एक २०,००० मिलिॲम्पिअर-तासांची पॉवर बँक नेली होती. तिच्यात सुमारे ७४ वॅट-तास ऊर्जा असते, आणि गळती वजा जाता फोन तीन-चार वेळा भरतो. चाकातल्या डायनॅमोचा मोह झाला होता, पण तो तीन वॅट देतो ते सपाटीवरच्या वेगाला. ताशी सहा किलोमीटरने चढताना फोन भरण्याइतकी वीज त्याच्याकडून मिळत नाही. आमच्या वाटेवर चढ जास्त होते.

सामान किती न्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलवरून जगप्रदक्षिणा करणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सने मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि तंबू-अंथरुणाचेही काम देणारा रेनकोट एवढ्यावर भागवले होते. माझे सामान, अन्न-पाणी वगळून, साडेनऊ किलोचे होते आणि त्यातल्या दोन वस्तूंना मी नऊ दिवसांत हात लावला नाही: दुसरी जाड विजार आणि घडीची खुर्ची. मित्राला मात्र त्याच्या चौदा किलोंतले काहीच जास्त वाटत नाही. पॅनियर रात्री एका हाताने काढून तंबूत नेता येतात, आणि मी माझे पट्टे सोडत बसलेला असताना त्याचा चहा झालेला असतो, हे मान्य केलेच पाहिजे.

परतीला सायकली खोक्यात भरल्या. डिस्क ब्रेकच्या फटीत प्लास्टिकची किंवा पुठ्ठ्याची चकती अडकवावी, डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) सोडवून फ्रेमच्या आत बांधावा, आणि सुटे केलेले सगळे बोल्ट पुन्हा त्यांच्याच भोकांत फिरवून ठेवावेत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते काढताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. हे ठाऊक असूनही मी दहा मिनिटे ते आणखी घट्ट करत होतो.