बाळ झोपलं, पण बाळंतिणीचा डोळा लागत नाही

रात्री दोनला बाळ पिऊन झोपतं. पुढची भूक लागेपर्यंत दीड-दोन तास हातात असतात आणि आई मात्र टक्क जागी. घरातली मंडळी म्हणतात, "बाळ झोपलं की तूही झोपून घे." सल्ला चांगलाच आहे, पण जिला पडल्या पडल्या झोप लागते तिच्यासाठी. झोपायला वेळच न मिळणं आणि वेळ मिळूनही झोप न येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीवर उपाय म्हणजे घरच्यांचे हात. दुसरी म्हणजे निद्रानाश. त्यात "झोप, झोप" म्हटलं की झोप आणखी दूर पळते.

वार पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स काही दिवसांत एकदम उतरतात. यातलं प्रोजेस्टेरॉन झोपेला मदत करणारं. रात्री घामाने गाऊन भिजतो तोही या उताराचाच परिणाम. त्यात टाके दुखतात, छाती दाटते, आणि कान सतत बाळाच्या हुंकाराकडे लागलेले असतात. नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा पितं आणि त्याला दिवस-रात्र कळू लागायला साधारण दोन-तीन महिने जातात. तोवर आईच्या शरीरातलं घड्याळही भरकटतं.

इथे आपली बाळंतिणीची खोली नकळत भर घालते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कानाला रुमाल, सव्वा महिना उन्हाचं दर्शन नाही. दिवसाही अंधार असेल तर मेंदूला रात्र ओळखायची कशी? सकाळी उठल्यावर तासाभरात 20 ते 30 मिनिटं गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी बसा. बाळाला तिथेच पाजलं तरी चालेल. वारा लागेल ही आजीची काळजी शाल पांघरून मिटते. तेल-मालिश खुशाल घ्या, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. रात्री पाजताना ट्यूबलाइट न लावता जमिनीलगत मंद पिवळा दिवा ठेवा. दुपटी, लंगोट, पाण्याची बाटली हाताशी असू द्या, म्हणजे मोठा दिवा लावावा लागत नाही.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो सलग झोपेने. तुटक तुटक झोपेपेक्षा सलग चार-पाच तासांनी डोकं जास्त ताळ्यावर येतं. त्यासाठी रात्र वाटून घ्यावी लागते. समजा रात्री 9 ला पाजून आई दुसऱ्या खोलीत गेली, तर 1-2 पर्यंत बाळ नवऱ्याकडे किंवा आजीकडे. मधल्या वेळेसाठी काढून ठेवलेलं दूध फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. बाहेर 25 अंशांपर्यंत 4 तास चालतं, पण आपल्या उन्हाळ्यात तो हिशेब धरू नका. पहिल्या चार-सहा आठवड्यांत दूध अजून बसत असतं आणि पाजण्यात मोठा खंड पडला की ते कमी होऊ शकतं, छातीत गाठीही होतात. म्हणून त्या आठवड्यांत बाळ रात्रीही आईजवळ आणून द्यायचं, पाजून झालं की लगेच उचलायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं दुसऱ्याने करायचं. बाळ दुसऱ्या खोलीत, जबाबदार माणसाजवळ असलं तरच आईचे ते सतत लागलेले कान मिटतात.

पडल्यावर अंदाजे 20 मिनिटांत झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसा, दुपटी घड्या करा, आणि डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघू नका. तळमळत पडून राहिलं की मेंदू पलंगाची आणि जागरणाची गाठ बांधतो. सकाळी उठायची वेळ रोज साधारण तीच ठेवा. दुपारची झोप 3 च्या आत, अर्ध्या-पाऊण तासाची. रात्रभर खरंच बाळाने जागवलं असेल तर मात्र हा नियम सोडा आणि झोपा. चहाच्या कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि त्यातलं निम्मं उतरायला पाच तास लागतात. म्हणून शेवटचा कप दुपारी एकच्या आत.

हे आठ-दहा दिवस करूनही फरक नसेल तर रक्त तपासा. पडल्यावर पाय वळवळत असतील, हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर लोह कमी असू शकतं. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघा. बाळंतपणानंतर 180 दिवस रोज घ्यायची लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली की नीट अंगी लागत नाही. छातीत धडधड, हात थरथरणं, वजन झपाट्याने उतरणं असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत थायरॉइडला सूज येऊन असं होतं. झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारं खोकल्याचं औषध मनाने घेऊ नका. अशा औषधाच्या गुंगीत बाळाला कुशीत घेऊन झोपणं धोक्याचं आहे. बाळाला झोपवायला जायफळ उगाळून चाटवणंही नको.

रडू येणं, हळवं होणं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन उदास असेल, बाळाबद्दल भीतीचे विचार डोक्यात फिरत असतील, तर डॉक्टरांना सांगा. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर चोवीस तास फुकट आणि मराठीत बोलता येतं.

पण बाई दोन-तीन रात्री जवळपास झोपलेलीच नाही, तरी थकवा जाणवत नाही, सारखी बोलते, घरच्यांवर संशय घेते, कुणाचे आवाज ऐकू येतात म्हणते, तर सकाळची वाट बघू नका. हा बाळंतपणानंतरचा गंभीर मानसिक आजार असू शकतो आणि तो बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. बाहेरची बाधा म्हणून दृष्ट काढत बसू नका, तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. आधी कधी द्विध्रुवी (बायपोलर) आजार, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी, झाला असेल, किंवा घरात कुणाला असेल, तर ते दारातच सांगा.