बातमी कोणी दिली हे विचारायलाच बंदी: स्वीडनमधलं वृत्तस्वातंत्र्य कचेरीच्या टेबलापाशी

स्वीडनमधल्या एखाद्या नगरपालिकेच्या शाळाखात्यातली गडबड पेपरात छापून आली, तर दुसऱ्या दिवशी खातेप्रमुखाला बैठकीत "हे बाहेर कोणी सांगितलं?" असं विचारता येत नाही. प्रश्न सहज विचारला, कारवाई काहीच केली नाही, तरी संसदेचे लोकपाल, म्हणजे सरकारी कचेऱ्यांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, त्यावर ताशेरे ओढतात. जाणूनबुजून शोध घेतला किंवा सांगणाऱ्याला त्रास दिला, तर दंड किंवा १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे वृत्तस्वातंत्र्याचा विषय निघाला की बोलणं संपादकाची अटक, मानहानीचे खटले आणि बंद झालेल्या सरकारी जाहिराती यांच्याभोवती फिरतं. इथली, म्हणजे स्वीडनमधली, व्यवस्था जवळून पाहिली की जाणवतं, दबाव येतो तो त्याच्या फार आधी, कारकुनाच्या आणि परिचारिकेच्या पातळीवर. म्हणून संरक्षणही तिथूनच सुरू व्हायला हवं.

वृत्तस्वातंत्र्याचा इथला कायदा जुना आहे. २ डिसेंबर १७६६ ला तो आला. त्यामागे आंदेर्स क्युदेनियस या पाद्र्याचा मोठा हात होता. तो आजच्या फिनलंडमधल्या भागाचा. तेव्हा तो भाग स्वीडनच्या राज्यात होता. धर्मविषयक ग्रंथ सोडून बाकी छपाईवरची पूर्वतपासणी त्या कायद्याने उठवली आणि सरकारी कागद लोकांना खुले केले. पण १७७२ मध्ये राजा तिसऱ्या गुस्तावने सत्ता हातात घेतली आणि हे स्वातंत्र्य लवकरच आकसलं. आज लागू असलेला वृत्तपत्र-स्वातंत्र्य कायदा १९४९ चा आहे आणि तो राज्यघटनेचाच भाग आहे. रेडिओ, टीव्ही वगैरे माध्यमांसाठी १९९१ चा वेगळा घटनात्मक कायदा आहे.

आता कागद कसा मिळवायचा ते पाहू, कारण पत्रकारितेचा कच्चा माल तोच. सरकारी कचेरीत आलेला किंवा तिथे तयार होऊन पूर्ण झालेला कागद मुळात सार्वजनिक मानला जातो. तो परदेशी माणूसही मागू शकतो. नाव सांगायचं नाही, कारण सांगायचं नाही, ठरावीक अर्ज नाही. फोनवर, ईमेलने किंवा थेट खिडकीवर जाऊन मागता येतो. आपल्या माहिती अधिकारात कारण विचारत नाहीत हे खरं, पण नाव-पत्ता द्यावा लागतो, अर्जदार भारतीय नागरिक असावा लागतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. इथे कायद्यात दिवसांचा आकडाच नाही. "तातडीने" एवढंच म्हटलं आहे. साध्या मागणीला त्याच दिवशी, फार तर पुढच्या एक-दोन दिवसांत उत्तर मिळावं, अशी लोकपालांची अपेक्षा असते. कचेरीत बसून वाचायला पैसे नाहीत. सरकारी खात्याकडून प्रती घेतल्या तर ९ पानांपर्यंत फुकट, १० पानांना ५० क्रोना आणि पुढे प्रत्येक पानाला २ क्रोना. नगरपालिका आपले दर स्वतः ठरवतात. कागद ईमेलनेच पाठवावा असं बंधन मात्र कचेरीवर नाही. पुष्कळ कचेऱ्या पाठवतात, पण छापील प्रत हाती दिली तरी कायदा पाळला असंच धरलं जातं.

नवखे लोक चुकतात ते मागणीच्या शब्दांत. "पुलाच्या कंत्राटाबद्दल जे काही असेल ते द्या" असं लिहिलं, तर कचेरी तुमच्यासाठी संशोधन करायला बांधील नाही, आणि मागणी आठवडाभर घोळत पडते. अनुभवी बातमीदार आधी आवक-जावक नोंदवही मागतात. इथे तिला डियारियम म्हणतात आणि तीही सार्वजनिकच असते. आपलं प्रकरण त्यात शोधायचं, क्रमांक टिपायचा आणि मग दोन ओळी लिहायच्या: अमुक क्रमांकाच्या प्रकरणातले सर्व कागद हवेत, काही नाकारत असाल तर अपिलाच्या माहितीसह लेखी निर्णय द्यावा.

त्यातली दुसरी ओळ कधीही गाळू नये. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. लेखी निर्णयात गोपनीयता कायद्याचं नेमकं कोणतं कलम लागू केलं ते लिहावं लागतं. "संवेदनशील विषय आहे" एवढ्यावर भागत नाही. पानातल्या चार ओळी गुप्त असतील तर तेवढ्या झाकून बाकीचं पान द्यावं लागतं. निर्णय हातात पडल्यापासून ३ आठवड्यांत अपिलीय प्रशासकीय न्यायालयात जाता येतं. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. जिथे कचेरीला टाळायचंच असतं तिथे ती नकार देत नाही, नुसती गप्प बसते. मग लोकपालांकडे तक्रार करावी लागते. हे पद १८०९ पासून आहे आणि त्याचा वचक मोठा आहे, पण लोकपाल तो कागद तुमच्या हातात देऊ शकत नाहीत. ते बहुधा जाहीर टीका करतात, आणि तोवर बातमी शिळी झालेली असते. या व्यवस्थेतलं हे भोक मला सगळ्यात जास्त खुपतं.

कागदात नसलेलं माणसं सांगतात, आणि इथला कायदा खरा उभा राहतो तो त्यांच्यासाठी. सरकारी कर्मचाऱ्याने छापण्यासाठी म्हणून पत्रकाराला माहिती दिली, तर ती एरवी गोपनीय असली तरी अनेक बाबतींत त्याला शिक्षा होत नाही. पत्रकाराने स्रोताचं नाव फोडलं तर मात्र तो स्वतः गुन्हेगार ठरतो. त्यालाही १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे स्रोत लपवणं ही पत्रकाराची सवलत राहत नाही, ते त्याचं कायदेशीर कर्तव्य होतं.

पण याला काटेकोर मर्यादा आहेत. माहिती प्रसिद्धीसाठीच दिलेली हवी; मित्राशी मारलेल्या गप्पांना हे कवच नाही. तोंडी सांगणं चालतं, गुप्त कागद उचलून देणं चालत नाही. हेरगिरीसारखे देशाच्या सुरक्षेविरुद्धचे गंभीर गुन्हे पूर्ण बाहेर ठेवले आहेत. सरकारी रुग्णालयातली परिचारिका "रात्रपाळीला माणसं कमी आहेत" असं पत्रकाराला सांगू शकते, पण रुग्ण ओळखू येईल असं काही सांगू शकत नाही. खासगी कंपनीतल्या नोकरांना एरवी हे संरक्षण नाही. २०१७ पासून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या खासगी शाळा, रुग्णसेवा आणि वृद्धसेवेतल्या कर्मचाऱ्यांना ते बऱ्याच अंशी मिळालं.

व्यवहारातली एक गोष्ट कायदा वाचून सहसा ध्यानात येत नाही. कचेरीच्या पत्त्यावर आलेला ईमेल सार्वजनिक कागद ठरू शकतो, आणि आल्या-गेल्या ईमेलची यादीही कोणी मागू शकतं. म्हणजे कागद खुले करणारा नियमच स्रोताला उघडा पाडू शकतो. त्यामुळे जाणते पत्रकार कचेरीच्या ईमेलवर स्रोताशी बोलतच नाहीत आणि स्रोतालाही घरच्या फोनवरून संपर्क करायला सांगतात.

छापून झाल्यावर जबाबदारी एकाच माणसाची: नोंदणीकृत जबाबदार संपादकाची. बातमीदार, छपाईवाला, विक्रेता यांच्यामागे पोलिस लावून उपयोग नसतो. फिर्याद दाखल करणारा न्यायविषयक अधिकारी सरकारने नेमलेला असतो, आणि हे ऐकून आपल्या मनात शंका येणं साहजिक आहे. तिचं उत्तर ज्यूरीत आहे. स्वीडनच्या न्यायालयांत एरवी ज्यूरी नसते, वृत्तस्वातंत्र्याच्या खटल्यांत असते. ९ जण बसतात, दोषी ठरवायला किमान ६ मतं लागतात. ज्यूरीने निर्दोष म्हटलं की ते अंतिम. तिने दोषी म्हटलं तरी न्यायाधीश आरोपीला सोडू शकतात.

तरीही हे कवच अभेद्य नाही. १९७३ मध्ये यान गियू आणि पेतेर ब्रात या पत्रकारांनी आय.बी. नावाची गुप्त हेरसंस्था उघडकीला आणली. छापल्याबद्दल धरण्याऐवजी त्यांच्यावर हेरगिरीचा खटला चालला आणि १९७४ च्या सुरुवातीला दोघांना शिक्षा झाली. सगळ्या संरक्षणांना वळसा घालणारी वाट "सुरक्षा" या शब्दातून जाते, हे तेव्हा दिसलं. १ जानेवारी २०२३ पासून परदेशांशी असलेल्या सहकार्यातली गुप्त माहिती फोडण्याबद्दल नवा गुन्हा लागू झाला आहे. समर्थनीय प्रसिद्धीला त्यात सूट आहे, पण समर्थनीय काय हे आधी कोणालाच कळत नाही, आणि संपादकांचा मुख्य आक्षेप तोच होता.

हा बदल घटनेत करावा लागला. त्यासाठी संसदेने तोच मजकूर दोनदा मंजूर करावा लागतो आणि दोन्हींच्या मध्ये सार्वत्रिक निवडणूक व्हावी लागते. हेतू असा, की मतदारांना मध्ये थांबून विचार करता यावा. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२२ च्या निवडणुकीआधी पहिली मंजुरी झाली आणि नोव्हेंबरमध्ये दुसरी. मधल्या प्रचारात वीजबिलं आणि टोळीयुद्धं गाजली; या दुरुस्तीबद्दल उमेदवारांना विचारणारे बहुतेक पत्रकारच होते.